सुईला भिणारी दाभणवाली

धाकटी म्हणजे माझी जाऊ. गाद्यांच्या कारखान्यात कामाला आहे. हातभर लांब दाभण जाड कापडातून अशी सरसर ओढते की बघत राहावं. आणि हीच बया डॉक्टरची सुई दिसली की पांढरीफटक पडते.

लग्नानंतर खूप वर्षांनी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात नर्सबाईंनी डांग्या खोकल्याची लस घ्यायला सांगितली. टोचायची आईला, पण तिचं बळ पोटातल्या बाळालाही मिळतं म्हणाल्या. सासूबाईंनी नाक मुरडलं, "आमच्या वेळी कुठे होती असली थेरं?" मला वाटलं, झालं, हिला आयतंच निमित्त मिळालं. पण कारखान्यातल्या एकीचं तान्हं बाळ खोकून खोकून निळं पडलेलं तिनं पाहिलं होतं.

"आई, तुम्ही रागवा हवं तर," ती म्हणाली, "पण मी घेणार." गेली, दंड पुढे केला, सुई निघाली आणि बाईसाहेब गेल्या की कलंडून. मी धरली म्हणून बरं.

"पडणार होतीस तर आधी सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही घरी नेलं असतं."

बाळ तीन आठवड्यांचं झालं आणि माझ्याच लेकाला खोकला लागला. डॉक्टरांनी डांग्या खोकला म्हटल्यावर मी आधी घरातल्या तान्ह्या बाळाचं सांगितलं. घर दोन खोल्यांचं, आणि हा आदल्याच दिवशी बाळाच्या गालाला गाल लावून बसलेला.

"बाळाच्या आईनं लस घेतली होती?" डॉक्टरांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. तरी बेफिकीर राहू नका म्हणाले, बाळासकट सगळ्यांना औषध दिलं. मी लेकाला घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसले. बाहेर बाळ नुसतं शिंकलं तरी मी दाराला कान लावायचे. धाकटीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट दाराबाहेरून विचारायची, "ताई, जेवलात का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लेक बरा झाला. बाळाला काही झालं नाही.

पुढे बाळालाच लस टोचायची वेळ आली. नर्सबाई धाकटीला ओळखून होत्या. "तुम्ही बाहेर थांबा, जाऊबाई धरतील बाळाला."

"नाही, मीच धरते," ती म्हणाली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

सुई टोचली तसा बाळानं असा टाहो फोडला की बाहेरच्या बायका डोकावल्या. छाती भरून, मध्ये एकदाही न खोकता रडत होतं ते. ऐकता ऐकता माझे पायच लटपटले. धाकटी नाही पडली. मलाच बाकावर बसवून तिनं पाणी पाजलं.