रांगेतल्या नर्सबाई

ऐंशीच्या दशकात बाजार पडला आणि शेअर दलालाच्या कचेरीतली माझी नोकरी गेली. आठ महिने बोरिवलीत घरी बसलो. मग साहेबांनी परत बोलावलं, पण माझ्याच ज्युनियरच्या हाताखाली. लाज वाटून मी जाईना.

"घरी बसून अंडी उबवतोयस काय? चल!" म्हणत मित्र सुधीरनं मला अंधेरीतल्या चित्रपट महोत्सवाला ओढत नेलं.

रांगेत आमच्यापुढे मुलुंडहून आलेल्या पन्नाशीच्या बाई होत्या. पदरानं चष्मा पुसून वेळापत्रकावर खुणा करायच्या. थर्मासमधला चहा त्यांनी आधी आम्हाला दिला. सुधीरनं माझी अडचण त्यांना सांगूनच टाकली. मी शरमलो.

त्या म्हणाल्या, "मी नर्स. मुलांसाठी बारा वर्षं घरी होते. परत गेले, तर इंजेक्शन देताना शीर सापडायची नाही. लेकीच्या वयाच्या सिस्टरकडून पुन्हा शिकले. विचारायची लाज फक्त पहिल्या दिवशी वाटली हो. घरी बसल्याची रोज वाटायची."

सोमवारी मी कामावर रुजू झालो आणि त्याच धंद्यात पुन्हा उभा राहिलो. बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. महोत्सवांसाठी सुधीर आणि मी अजून गावोगाव जातो. मी आभार मानले, की सुधीर म्हणतो, "माझे कसले, यार? मी फक्त चारचौघांत तुझी लाज काढली!"