श्रावणात बंद केलेलं औषध

"बाई अफू खातात," डॉक्टर म्हणाले आणि मी खुर्चीतनं उठलो.

कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातला तो डॉक्टर वयानं लहान होता. मी म्हणालो, "सायेब, तोंड सांभाळा. माझी बायको हाय ती. सुपारीचं खांड बी चघळत न्हाय."

तो चिडला नाही. त्यानं हौसाच्या हातावर उठलेला काटा दाखवला. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, त्या दाखवल्या. तिला सारख्या जांभया येत होत्या, नाक गळत होतं, जुलाब थांबत नव्हते, पाय आपोआप खाटेवर आपटत होते. आम्ही पटकी समजून तिला आणलं होतं. गल्लीतल्या बायका तर बाहेरचं लागलंय म्हणत होत्या. डॉक्टरनं एवढंच विचारलं, "कसल्या गोळ्या घेत होत्या का? आणि त्या आता बंद झाल्यात का?"

घेत होती. बंदही झाल्या होत्या.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ही गोष्ट. आम्ही गडमुडशिंगीचे. मी गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे उसाचा रस कढून काहिल कधी उतरायची ते ठरवणारा. हौसा घरच्या म्हशी बघायची. एका म्हशीनं ढकललं आणि ती कमरेवर गव्हाणीच्या दगडावर आपटली. मंगळवार पेठेत एक हाडवैद होता. त्यानं कंबर चोळून पट्टा बांधला आणि हरभऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या दिल्या, दुधातनं घ्यायला. दुखणं पळालं, गोळ्या राहिल्या. पुढं एका गोळीनं भागेना, मूठच लागायला लागली. औषधच म्हटल्यावर कोण विचारतंय? मग म्हातारा हाडवैद वारला, गोळ्या संपल्या आणि हौसानं अंथरूण धरलं.

डॉक्टर म्हणाले, "ह्याला विड्रॉवल म्हणतात. शरीराला अफूची सवय झाली, की ती एकदम तुटल्यावर असे हाल होतात. हा आजार आहे. बाईंचा दोष नाही."

हौसा भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिथनंच म्हणाली, "मी अफूबाज न्हाय."

औषध दिलं त्याचं नाव टिंक्चर ओपियम. म्हणजे अफूचाच अर्क, पण मोजून, थेंबानं, पाण्यातनं द्यायचा. शरीर शांत राहील एवढाच. मग दर खेपेला थोडा कमी करत जायचं. मला काही ते पटेना. "अफू सोडवायला अफूच देताय व्हय?" असं मी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "एकदम बंद केली तर त्या परत गोळ्या शोधायला जातील. हळूहळू केली तर सुटेल." काहिलीखालचा जाळसुद्धा आम्ही एकदम ओढत नाही, कमी करत आणतो. मग मी बाटली हातात घेतली.

थेंब मोजायला सिस्टरनं शिकवलं. माझी बोटं रसानं भाजून जाड झालेली, पहिल्यांदा दोन थेंब एकदम पडले. "पावणं, गूळ न्हवं ह्यो," असं म्हणून तिनं सगळं ओतून दिलं आणि पुन्हा मोजायला लावलं. बाटली ट्रंकेत कुलपात ठेवायची आणि किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला, हेही तिनंच सांगितलं.

आठवड्याला दवाखाना. बाहेरच्या बाकावर तास न् तास बसायचं. आत गेल्यावर मी बोलायला लागलो की डॉक्टर मला थांबवायचे. "त्यांना सांगू द्या." झोप लागते का, भूक आहे का, गोळी घ्यावी असं मनात येतं का, सगळं तिला विचारायचे. पहिल्यांदा ती मान हलवायची. नंतर बोलायला लागली. बरी होत होती. म्हशी पुन्हा तिच्या हातनं पान्हावायला लागल्या.

घरात मात्र सुख नव्हतं. मेहुणा बिद्रीहून यायचा. "दाजी, एक बया घालवली न तिची बहीण घरात आणली की!" असं मी थेंब मोजताना तिच्यादेखत म्हणायचा. ती चुलीपुढनं उठायचीच नाही.

मग श्रावण आला. आमच्यात श्रावणात मटण नाही, दारू नाही. पहिल्या सोमवारी मी थेंब मोजून भांडं पुढं केलं, तर हौसानं ते परत सरकवलं. "अफू हाय त्यात. म्हैनाभर आपल्या घरात नशा न्हाय. देवाचं झालं की घीन." मीही श्रावण पाळणारा. मला ते बरोबरच वाटलं.

दोन दिवसांत जांभया, काटा, जुलाब पुन्हा सुरू झाले. ती कुणाला न सांगता मंगळवार पेठेत गेली. हाडवैदाच्या पोरानं बापाच्या गोळ्या परत चालू केल्या होत्या. पूर्वी घ्यायची तेवढ्याच तिनं घेतल्या.

दुपारी मी गोठ्यात गेलो, तर हौसा गव्हाणीला टेकून घोरत होती. ते घोरणं साधं नव्हतं. मधेच श्वास थांबायचा. ओठ निळे पडले होते, हाका मारून डोळे उघडेनात. दूध संस्थेचा टेंपो दारात होता, त्यात किटल्यांच्या मधे तिला घातली. सगळी वाट मी तिच्या गालावर मारत होतो आणि ओरडत होतो, "श्वास घे गं, हौसे."

दवाखान्यात अफूवर उतारा म्हणून इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी ती बोलली. डॉक्टर तेव्हा मात्र चिडले. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा. औषध कमी करत आणलं, की शरीराची अफू पचवायची ताकदही कमी होते. पूर्वीची मात्रा मग जीव घेते.

"मटण सोडा, कांदा सोडा," ते म्हणाले. "साखरेचा आजारी श्रावणात इंजेक्शन सोडतो का?"

हौसा म्हणाली, "मग देवाला काय सांगू?"

"सांगा, डॉक्टर लई वाईट हाय."

हे तो पुण्याकडचा माणूस आमच्या बोलीत बोलला. हौसा हसली. आजारपणात पहिल्यांदा.

नंतर औषध आणखी सावकाश कमी केलं. पुढचा श्रावण आला तेव्हाही थेंब चालू होते. पूजा करून ती स्वतः भांडं पुढं करायची. दिवाळीनंतर कधीतरी डॉक्टरांनी नुसतं पाणी घ्यायला सांगितलं, मग तेही बंद. कंबर शेवटपर्यंत दुखायची. शेकायची, आडवी व्हायची. गोळी नाही.

ह्या उन्हाळ्यात ती हृदय बंद पडून गेली. घर खायला उठतं, त्याबद्दल काय लिहायचं.

दहाव्याला गल्लीतली एक बाई माझ्याजवळ बसली. तिचा नवरा दुखण्याच्या इंजेक्शनाला लागलाय. दवाखान्यात न्यायची तिला लाज वाटत होती. हळूच म्हणाली, "हौसामावशींना पोटाचं काय हुतं वो? कुठल्या डॉक्टरकडं नेलतं?"

मेहुणा कानाशी आला. "दाजी, पोटाचंच सांगा. माणसं हायत."

पोटाचंच सांगत आलो होतो आम्ही, इतकी वर्षं.

मी मोठ्यानं म्हणालो, "पोटाचं न्हवतं. माझी बायको अफूची पेशंट हुती. औषध घिऊन बरी झाली. नवऱ्याला उद्या सकाळी तयार ठेव, मी येतो संगं."