दरोडेखोराचं चित्र

मैलापूरच्या आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता, आणि मला पहिली नोकरी लागली ती मासे काढायची. कागदावर. रायपुरमच्या किनाऱ्याजवळ एका सरकारी मत्स्यकेंद्राला चित्रकार हवा होता. आईने एकच अट घातली, "आल्यावर आधीं न्हाणें, मग बोलणें."

साहेब पुण्याचे, नुकते बदलून आलेले. हाताखाली मराठी मुलगी मिळाली म्हणून ते खूश झाले, आणि मी तोंड उघडल्यावर जरा कमी खूश झाले. आमचं मराठी तंजावरचं, कित्येक पिढ्या तमिळमध्ये मुरलेलं. मी "मज ठाऊक नाही" म्हटलं की ते हातातलं काम थांबवून हसायचे.

त्या वर्षी बांगडा फार कमी मिळत होता. कोळीवाड्यात ओरड होती. साहेबांनी गुन्हेगार शोधून काढला: मोठं माकूळ, म्हणजे स्क्विड, कोळी ज्याला कणवाय म्हणतात ते. "बांगड्यांच्या थव्यात घुसतं, दोन लांब हातांनी एकेकाला धरतं आणि चोचीने मानेचा लचका तोडतं," ते म्हणाले. "समुद्रातला दरोडेखोर आहे हा. लोकांना दाखवायला याचं चित्र हवं."

म्हणून एका सकाळी केंद्राच्या नव्या इंजिनबोटीतून आम्ही समुद्रावर गेलो. जाळं वर आलं. डेकवर बोटाएवढ्या पिल्लांचा ढीग पडला, त्यात बांगड्याचीच कितीतरी, आणि वर एक हातभर माकूळ, क्षणात तांबडं, क्षणात पांढरं पडणारं.

"रंगेहाथ सापडला," साहेब म्हणाले.

मी समोर दिसलं ते काढलं. साहेबांनी चित्र न्याहाळलं. "छान आहे. पण हा ढीग पुसून टाक. लक्ष उगाच तिकडे जातं."

"ढीगच मोठा होता, साहेब."

"असेल. पण तो जाळ्याचा विषय झाला. आपला विषय माकूळ."

मी ढीग रबराने खोडला आणि साहेबांच्या सांगण्यावरून माकुळाच्या हातांत एक बांगडा काढला. डेकवरचा ढीग खलाशांनी फावड्याने समुद्रात लोटला.

केंद्रात परतल्यावर साहेबांनी माकुळाचं पोट फाडलं. आत नुसता लगदा होता. त्यात कोलंबीचे पाय, थोडे खवले आणि दुसऱ्या एका माकुळाच्या हाताचा तुकडा निघाला. "स्वजातीयांनाही सोडत नाही," साहेब समाधानाने म्हणाले. खवले कुणाचे ते कळेना. अहवालात ते 'बांगड्याचेच असावेत' असे उतरले.

मग माझ्या चित्राचं भित्तिपत्रक निघालं. छापखान्याने ते इतकं मोठं केलं, की माकुळाच्या मिठीतला बांगडा रेड्याएवढा झाला. कुणीतरी एक प्रत मरीनावरही लावली. पुढचे काही रविवार तिथे पाण्यात उतरायला माणसं बिचकत होती. कोळीवाड्यातल्या एका म्हातारीने मात्र शांतपणे मला विचारलं, "अम्मा, एवढा बांगडा कुठे दिसला तुला? सांग, आमची माणसं तिकडेच जातील."

एक प्रत मी घरी नेली. आईने ती लांबूनच पाहिली.

"हात किती गं ह्यास?"

"दहा."

"विष्णूस चार पुरतात," ती म्हणाली आणि आंघोळीचं पाणी काढायला गेली.

पुढच्या हंगामात बांगडा आपणहून भरभरून आला. माकुळं तेव्हाही होती तेवढीच होती, पण मोहीम यशस्वी ठरली आणि साहेबांना बढती मिळून ते दिल्लीला गेले, जिथून समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. त्यानंतरच्या वर्षी बांगडा पुन्हा आटला. एव्हाना केंद्राकडे आणखी दोन इंजिनबोटी आल्या होत्या. नवे साहेब तमिळ होते, अतिशय सभ्य. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलावून खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि विचारलं, "तुम्हाला डॉल्फिन काढता येतो का?"