रिकाम्या कॅमेऱ्यासमोरचं हसू

चन्नाप्पाअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडे गौरव्वावैनी होत्या, अण्णांच्या पत्नी. त्या रडत नव्हत्या. ‘भावजी, ह्यांस्नी बसवलंया. येऊन बघून जावा,’ एवढंच म्हणाल्या. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, भिंतीला टेकवून बसवतात आणि बसलेलाच पुरतात. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत पोहोचलो, तर अण्णा कपाळभर विभूती लावून, गळ्यात हार घालून समोर ताठ बसलेले. शूटिंगमध्ये तिरडीवरचा शॉट झाला की उठून बसायचे, अगदी तसेच. लोक पाया पडून पुढे सरकत होते. माझी मात्र मान वर होईना. पायांकडे बघून नमस्कार केला आणि बाहेर येऊन उभा राहिलो. त्या चेहऱ्याकडे बघायला मी भ्यालो होतो. का भ्यालो, हे पुढे महिनाभर कुणाला सांगितलं नाही.

अण्णा मूळचे गोकाककडचे. तिकडच्या एका कानडी नाटक कंपनीत त्यांनी वीसेक वर्षं काढली. जत्रेत तंबू ठोकायचा, जत्रा उठली की पुढचं गाव गाठायचं. कंपनी बुडाली तेव्हा गडहिंग्लजच्या मेहुण्याच्या ओळखीनं ते कोल्हापूरला आले, नव्वद सालच्या आसपास. मी तेव्हा इथल्या एका स्टुडिओत कॅमेरा असिस्टंट होतो. काळ्या पिशवीत हात घालून कॅमेऱ्याच्या मॅगझिनमध्ये फिल्म भरायची, हे माझं काम. पहिल्याच दिवशी अण्णांनी सरपंचाचा संवाद म्हटला आणि अख्खं युनिट तोंड दाबून हसलं. मराठी चुकलं नव्हतं, पण कानडी हेलात सरपंचाचा सगळा दरारा वाहून गेला. दिग्दर्शकानं तोडगा काढला, चेहरा ह्यांचा आणि आवाज दुसऱ्याचा. पुढे प्रत्येक चित्रपटात तेच झालं. तंबूतल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणारा हा माणूस पडद्यावर कायम परक्याच्या आवाजात बोलला. मला तर ते पचलं नसतं. ते म्हणायचे, ‘आवाज न्हाय तर न्हाय. मराया तर येतंय की मला.’

आणि खरंच, त्यांच्यासारखं मरणं कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. नायकाचा बाप असो की म्हातारा पैलवान, मध्यंतराआधी जो जायचा असेल तो अण्णा. तिरडीवर पडले की श्वास कुठे चाललाय ते दिसायचं नाही. एकदा कागलजवळच्या रानात शूटिंग बघायला आलेल्या बायका खरोखर रडायला लागल्या, त्यांना समजावता समजावता आमची वाट लागली. पण शॉट ओके झाला की अण्णा तिरडीवरच उठून बसत, कॅमेरा चालू ठेवायला लावत आणि मोठ्यानं हसत. तिरडीवर झोपलेल्या नटानं हसूनच उठायचं, ही रीत बरीच युनिटं पाळतात, कुणी श्रद्धेनं, कुणी गंमत म्हणून. अण्णा ती जिवाच्या भीतीनं पाळत. कंपनीत त्यांचे जे गुरू होते, त्यांना एकदा मरणाच्या प्रवेशानंतर गाडी गाठायची होती. न हसताच रंग पुसून निघाले आणि आठ दिवसांत गेले... हे सांगताना अण्णांचा हात दर वेळी गळ्यातल्या लिंगावर जायचा.

आता माझी गोष्ट. फिल्म नेहमी तोकडी पडायची. कुठेच न वापरायच्या हसण्यावर ती कशाला घालवायची, म्हणून कॅमेरामननं मला सांगितलं, शॉट झाला की रिकामं मॅगझिन चढव. मी चढवलं. कॅमेरा घरघरायचा, अण्णा हसायचे, आत काहीच उमटत नसे. पहिल्या वेळी मला गंमत वाटली. दुसऱ्या चित्रपटानंतर अण्णा जिन्यावरून पडून पाय मोडून बसले आणि माझी गंमत संपली. तिसऱ्यानंतर छातीत दुखून दवाखान्यात. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं मी बायकोला ठणकावून सांगायचो, पण तिरडी बांधताना दिसली की मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचो. कॅमेरामनला विरोध करायची छाती नव्हती. म्हणून निदान अण्णा हसत असताना त्यांच्याकडे टक लावून बघायचो, नजर काढायचो नाही. दहा-बारा वर्षं हे असंच चाललं.

पुढे चित्रपट कमी झाले, मालिका आल्या, फिल्मच्या जागी टेप आली. आवाजही जागेवरच घेऊ लागले, त्यामुळे अण्णांना संवाद मिळेनात, नुसतं मरणं उरलं. मी कॅमेरामन झालो होतो. अण्णांचा शेवटचा तिरडीचा शॉट माझ्याकडेच लागला. ठरवलं, आज त्यांचं हसू खरोखर घ्यायचं. शॉट ओके झाला, अण्णा उठून बसले, हसले. मी मान खाली घालून टेप फिरतेय का, लाल दिवा लागलाय का, तेच बघत होतो. सगळं नीट आलं. आपण आज पापातून सुटलो, असं वाटलं मला.

चहाच्या वेळी ते शेजारी येऊन बसले.

‘तम्मा, आज कॅमेरा भरलेला हुता,’ ते म्हणाले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, मला ते तशीच हाक मारत. ‘रिकामा येगळा वाजतोय. पैल्या दिसापास्नं ठावं हाय मला.’

मग इतकी वर्षं हसलात कशाला, असं मी कसंबसं विचारलं.

‘आमच्या कंपनीत कुठला आला कॅमेरा? पडद्यामागं एका मानसानं बघायचं, ह्यो जित्ता उठला म्हणून. बास. तू बघत हुतास की.’ मग कप खाली ठेवून म्हणाले, ‘आज न्हाई बघितलंस.’

मी म्हणालो, चला, आत्ताच्या आत्ता पुन्हा हसा. त्यांनी अंगणाकडे हात केला. ‘तिरडी तर मोडली की त्यांनी. उठू कशावरनं?’ आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिसऱ्या आठवड्यात वैनींचा फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर वैनींनी विचारलं, ‘सगळ्या पिच्चरमदी दुसराच बोलतोय. ह्यांचा सोताचा आवाज हाय का हो कुठं?’ होता. माझ्याच कपाटात होता, आणि त्या टेपला हात लावायची मला भीती वाटत होती. शेवटी सीडी करून घेतली आणि एका रविवारी त्यांच्याकडे नेली. टीव्हीवर अण्णा तिरडीवरून उठले आणि हसले. तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारं ते हसू दोन खोल्यांत मावेना. वैनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटत होतं, टेप तिथेच संपते. पण मी दिव्याकडे बघत बसल्यामुळे कॅमेरा बंद करायला उशीर झाला होता. हसू थांबल्यावरही अण्णा हलत नाहीत. कॅमेऱ्याच्या जरा वर, उजवीकडे, ते बघत राहतात.

‘कुणाकडं बघाया लागलेत?’ वैनी म्हणाल्या.

‘माझ्याकडं, वैनी.’ आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. मॅगझिन, लाल दिवा, सगळं. उठून त्यांनी सीडी पहिल्यापासून लावली आणि मला टीव्हीसमोर बसायला सांगितलं.

ती सीडी आता त्यांच्या टीव्हीवर असते, रुमालाखाली. मी गेलो की त्या लावतात. मी आता मान खाली घालत नाही, एकदाही नजर काढत नाही. पण चित्र जिथे तुटतं तिथपर्यंत अण्णा वाटच बघत असतात.