लालवाले, गुळगुळीतवाले आणि बंड्याचा कंदील

फट्-फट्-फट्-फट्.

रीळ संपलं की त्याचं मोकळं टोक असं आपटत राहायचं. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दोन गॅलऱ्यांच्या मध्ये चादर बांधलेली असायची. तिच्यावरचा सिनेमा संपायचा, पण हा आवाज चालूच. आम्ही पोरं तरीही जागचे हलायचो नाही. न जाणो, चादरीवर आणखी काही येईल!

त्याच आवाजाने या वयात माझी पार शोभा केली. आता हसू नका आधीच. चहा घ्या. मला घाईने बोलता येत नाही, हळूहळू सांगतो.

तर हा सिनेमा फुकट असायचा. वकिलातीची गाडी येऊन दाखवायची. तेव्हा जगात दोन मोठे देश एकमेकांवर गुरगुरत होते. कोणते, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी नाव घेत नाही. माझ्या नातीला त्यातल्या एका देशात शिकायला जायचंय, उगाच व्हिसा अडायचा. चाळीत आम्ही त्यांना लालवाले आणि गुळगुळीतवाले म्हणायचो. एकाच्या फुकट मासिकावर लाल रंग फार, दुसऱ्याचा कागद गुळगुळीत फार. मी शिकलो जेमतेम चौथी. पण माझ्या पुस्तकांना कव्हरं परदेशी! गणितावर ट्रॅक्टर, भूगोलावर लांबलचक मोटार.

पुढे मी गिरणीत लागलो तेव्हाही हे चालूच होतं. पटांगणाच्या कडेला आमचं पत्र्याचं वाचनालय. त्याचे तेव्हाचे चिटणीस मोठे वस्ताद माणूस. लालवाले येणार असले की ते टेबलावर गुळगुळीत मासिकं पसरायचे. गुळगुळीतवाले येणार असले की लाल. बस्स, एवढंच करायचे! लालवाल्यांचा साहेब यायचा, टेबल बघायचा, त्याचं तोंड उतरायचं. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडून बुद्धिबळाचा संच यायचा. तो संच बघून गुळगुळीतवाल्यांकडून पुस्तकांसकट लोखंडी कपाट. कपाट बघून रेडिओ. रेडिओ बघून भिंतीवरचं घड्याळ.

विचार करा. मी साचे खात्यात माग चालवणारा साधा कामगार. मुकादम माझं मत विचारत नव्हता, घरी बायको विचारत नव्हती. आणि दोन देश माझं मन वळवायला घड्याळं देत होते!

मग ती गाडी कधी बंद झाली ते कळलंच नाही. लालवाल्यांच्या देशाचे तुकडे झाले. इकडे गिरण्या गेल्या. आधी काय गेलं तेही आता आठवत नाही. वाचनालय तेवढं उरलं. सकाळी त्याचं कुलूप काढायचं आणि वर्तमानपत्रं पसरायची, हे माझं काम. आणि मग दिवसभर दाजीबरोबर बुद्धिबळ.

दाजी परब माझा गिरणीतला सोबती. तो लालवाल्यांचा, मी गुळगुळीतवाल्यांचा. अर्धं आयुष्य आमचं त्यावर भांडण. संच तोच, लालवाल्यांनी दिलेला. त्यातला काळा वजीर कधीचा हरवला होता, तर मी गिरणीतल्या जुन्या लाकडी बॉबिनचा तुकडा तासून दाजीला वजीर करून दिला. नेहमी काळी मोहरी त्याची.

दाजीला ती खोली फार गरजेची होती. त्याची सून घरून काम करते. एवढीशी खोली, सकाळी दहाला तिची मीटिंग सुरू. मागून दाजी बनियनवर पाणी प्यायला गेला तरी परदेशातले लोक बघतात! ती पोर बिचारी काही बोलत नाही. पण दाजीच दहाच्या आत घराबाहेर पडतो, तो दिवेलागणीला परततो. मधला सगळा वेळ वाचनालय.

आणि एक दिवस चाळीचा सेक्रेटरी किशोर आला.

"आबा, पत्रा गळतोय. वाचायला येतं कोण? तुम्ही आणि दाजीकाका. पोरं जिम मागतायत."

"अरे, पण दाजी बसेल कुठे?"

"मला काय वाईट वाटत नाही का? गणपतीपर्यंत बघा. कुणी दुरुस्त करून देणारा आणलात तर ठेवतो खोली."

आता आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी कुणाला आणायचं? पण नशीब बघा. वरच्या मजल्यावरची श्वेता परदेशी पाहुण्यांना गिरणगाव फिरवून दाखवते. तिने सहज सांगितलं की रविवारी गुळगुळीतवाल्यांच्या वकिलातीतला एक साहेब तिच्याबरोबर येणार आहे.

माझ्या डोक्यात एकदम फट्-फट्-फट् सुरू झालं!

"दाजी, सुटलो आपण. चिटणीसांची जुनी युक्ती. साहेबापुढे त्याच्या वैऱ्याचा माल मांडायचा. जळून सगळी खोली नवी करून देतो की नाही बघ."

"तर मग लालवाल्यांचा काय तरी ठेव," दाजी खूश होऊन म्हणाला.

"तुझ्या लालवाल्यांना आता कोण विचारतो? गुळगुळीतवाल्यांशी हल्ली टक्कर आहे ती तिसऱ्याची. ज्याचा माल आपल्या घराघरात आहे, त्याची."

"मेल्या, तो गोरो खुळो आसा काय? आसा ता पण जायत हां!"

दाजी पक्का मालवणी. असलेलंही जाईल, म्हणत होता. मी ऐकलं असतं तर आज तुम्हाला चहाबरोबर दुसरं काहीतरी सांगितलं असतं.

पण तिसऱ्या देशाची वस्तू आणायची कुठून? बॅटरी, चार्जर, पंखे घरोघरी होते, पण ते बघून कोण जळणार? थाटाचं काहीतरी पाहिजे. तेव्हा मला बंड्या आठवला. बंड्या शिंदे, लालबागचा. नाक्यावर चायनीजची गाडी लावतो.

"बंड्या, तुझा लाल कंदील आणि ड्रॅगनचा बोर्ड रविवारी सकाळपुरता दे रे."

"आबा, मंचुरियनची गाडी टाकताय काय?"

"परराष्ट्राचं काम आहे."

"आयला! घेऊन जा. पण संध्याकाळी धंद्याला परत पाहिजे."

रविवारी खोली अशी सजली म्हणून सांगू! मधोमध लाल कंदील, भिंतीवर भलामोठा ड्रॅगन. ड्रॅगनच्या खाली बंड्याचा मेनू लिहिलेला होता, त्यावर मी गणपतीतली प्लास्टिकची माळ सोडली. दाजी कोपऱ्यात पट मांडून बसला. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

साहेब आला. तरुण, घामाघूम, डोळे झोप न झाल्यासारखे. हिंदी छान बोलत होता. श्वेताने ओळख करून दिली. किशोरही दारात येऊन उभा राहिला.

साहेबाची नजर कंदिलावर गेली. मग ड्रॅगनवर. मी मनात म्हटलं, लागलं!

"ये क्या है, आबाजी?"

"अभी क्या बोलू साब," मी सुस्कारा सोडला. "वो लोग बहुत पीछे पडे है. पूरा रूम नया करके देते बोलते है. कॉम्प्युटर, एसी, सब. अगले महिने काम चालू. पर हमारा मन अभी भी आपकेच साथ है."

किशोर दारातून चटकन निघून गेला. मला वाटलं, काम असेल.

आणि साहेब? त्याचं तोंड उतरायला हवं होतं की नाही? तो चक्क हसला! डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं, तसा श्वास सोडला त्याने.

"बहुत अच्छा हुआ! आबाजी, हमारा वो डिपार्टमेंट बंद हो गया. किताबें, फिल्में, सब. मैं भी अगले महीने वापस जा रहा हूँ. आज छुट्टी थी, इसलिए घूमने आया. जहाँ जाता हूँ, लोग कुछ माँगते हैं और मुझे ना बोलना पड़ता है. आज पहली बार ना नहीं बोलना पड़ा. थैंक यू!"

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. आयुष्यभर मी ज्यांच्या बाजूने भांडलो, त्यांनी माझ्यासाठी भांडायचं सोडून दिलं होतं, आणि मलाच कळवायचं राहिलं होतं.

तेवढ्यात ती प्लास्टिकची माळ निसटली.

साहेबाला देवनागरी वाचता येत होतं! बोट फिरवत त्याने वाचलं, "शे…ज…वान राईस. हाफ. फुल."

मी पत्र्याकडे बघत राहिलो. श्वेताने ओढणी तोंडात कोंबली. साहेब माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, "अच्छा, वो लोग हाफ भी देते हैं?"

जाताना त्याने लोखंडी कपाटावर हात ठेवला. त्यावर त्याच्या देशाची जुनी पत्र्याची पट्टी आहे. बोटाने तिची धूळ पुसली आणि गेला. चांगला मुलगा होता हो.

गोष्ट इथेच संपली असती तर नुसती हसून सोडली असती. दुसऱ्या दिवशी किशोर पेढे घेऊन आला!

"आबा, मानलं तुम्हाला! एसीसाठी पॉईंट कुठे काढू?"

"कसला एसी रे?"

"काल साहेबाला सांगत होता तो! मी लगेच मेहुण्याला फोन केला. कॉटन ग्रीनच्या गोदामातून पत्रे देणार होता आपल्याला. म्हटलं आता नकोत, बाजूच्या चाळीला दे. कालच चढवले त्यांनी."

"कुठले पत्रे? मला कुठे बोललास?"

"गणपतीला सांगणार होतो. दाजीकाकांना बसायला जागा राहावी म्हणून धडपडत होतो हो मी!"

मग मी कंदिलाची हकिगत सांगितली. किशोरने पेढ्याचा पुडा मिटला. एकच खाऊन झाला होता, तोही मीच खाल्लेला.

खोलीत आता जिमचे आरसे लागलेत. आम्ही जिन्यात बसतो. येणारा-जाणारा पटाला पाय लावून जातो. दाजी अजून एका शब्दाने मला बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

काल मला ते सहन होईना. डाव मांडलेला, आणि दाजी खेळायला हातच घालेना. तेव्हा माझ्या डोक्यात, काय सांगू, पुन्हा ते फट्-फट्-फट्!

म्हटलं, "नसेल खेळायचं तर राहू दे. बाजूच्या चाळीतला दत्तू रोज बोलावतो मला. त्यांच्या खोलीला नवे पत्रे आहेत."

दाजीने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग पटावरून तो बॉबिनचा वजीर उचलला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि एकेक पायरी उतरत निघून गेला.