कॉलरबाईचा अनुभव

माझ्या आत्याला कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नाही. ती कॉलरबाई. बावीस वर्षं परदेशी जाणाऱ्या शर्टांच्या कॉलरी शिवतेय. कुणीही भेटलं की तिची नजर आधी त्याच्या गळ्याशी जाते, मग तोंडाकडे. परवा दवाखान्यात गेली खोकला दाखवायला आणि डॉक्टरांनाच सांगून आली, "डावं टोक पडलंय तुमचं."

मध्यंतरी मॅनेजरनं सगळ्यांना कँटीनमध्ये गोळा करून भाषण ठोकलं. आत्यानं ते घरी येऊन सांगितलं आणि मी लगेच घसा खाकरत मॅनेजर करून दाखवला, "अं-हं! आपण एक कुटुंब आहोत. पण ऑर्डरी आता मोसमाप्रमाणे येतात. कायदाही बदललाय. तेव्हा आपणही लवचिक व्हायला हवं. अं-हं!"

"लवचिक व्हायला मी काय इलॅस्टिक आहे?" आत्या म्हणाली. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

लवचिक म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. नव्या कायद्यानं ठरावीक मुदतीवर माणसं घ्यायला परवानगी दिली होती, पण एक अट घालून. कायम असलेल्या कामगाराला मुदतीवर आणायचं नाही. अट आत्यासारख्यांना जपायलाच होती. कारखान्यानं त्या अटीतूनच वाट काढली. आधी आपणहून राजीनामा द्या, मग नवीन म्हणून वर्षभरासाठी भरती व्हा. नाहीतर ऑर्डरी चालल्या दुसऱ्या देशात.

"या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार गं?" असं म्हणून आत्यानं सही केली.

भरतीच्या दिवशी फॉर्म भरायला मी बरोबर गेले. टेबलाशी सुपरवायझर होती. हिला बॉबिन भरायला आत्यानंच शिकवलेलं. शेजारी कामगार खात्याचे साहेब, भरती खरंच नव्यांची आहे ना, ते तपासायला आलेले.

साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि एकेक शब्द सुटा सुटा करून विचारलं, "बाई, यापूर्वी, इथं, काम केलंय? घाबरू नका. खरं सांगा."

माणूस चांगला होता, तेच वाईट झालं. आत्या हो म्हणाली असती, तर त्यांनी नक्की लिहून घेतलं असतं. आणि उद्या तिच्या मशिनवर दुसरंच कुणी बसलं असतं.

"नाही साहेब."

"अनुभव?"

"काही नाही."

"बरं. एक कॉलर शिवून दाखवा."

आत्या मशिनवर बसली. पाय पायडलवर पडला मात्र, हात आपले आपण सुटले. सुपरवायझर दोरा बघायचं निमित्त करून घाईघाईनं वाकली. मी पाठीशीच होते, म्हणून ऐकू आलं.

"मावशी, हळू! नवी बाई एवढं भरभर शिवते का?"

हात थांबले. मग आत्यानं कापड जरासं तिरकं धरलं. टोकाशी आलं की सुई कापडात रुतवून मगच वळायचं, हे तिनं मलासुद्धा शिकवलंय, मला साधं बटण लावता येत नाही तरी. आता तिनं सुई वर घेतली आणि तसंच कापड वळवलं. टोक बोथट झालं.

साहेबांनी कॉलर उजेडात धरली. "हं. शिकतील हळूहळू," म्हणाले आणि शिक्का मारला. ते पुढच्या बाईकडे वळल्यावर सुपरवायझर मान खाली घालून ती कॉलर उसवत बसली.

घरी आत्या जेवली नाही. बराच वेळ बोटं चोळत बसली होती. मग म्हणाली, "साहेब कर की गं."

मी नसलेला चष्मा कपाळावर ढकलला. "बाई, यापूर्वी, इथं, काम केलंय? घाबरू नका. खरं सांगा."

"हो साहेब." आत्या ताठ बसली. "बावीस वर्षं. फक्त कॉलरी."

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. यावर साहेब काय म्हणाले असते, ते काही मला करता येईना.