मेलो, मेले, सत्ते

तुरीच्या पोत्यांचा वास आला की कन्नड मुलखाच्या सीमेवरच्या जनवाड्यातलं मित्राचं ते अडत दुकान आठवतं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा पोत्यांना टेकून आम्ही चौघे मित्र फोनवर लढाईचा गेम खेळायचो. मी नेहमी लांब वेणीची, बंदूकवाली बाईच निवडायचो. तिच्यात शिरलं की अंग हलकं वाटायचं. एकदा मागून गोळी लागली आणि तोंडून निघालं, "आरं, मेले मी, मेले!" तिघे पोट धरून हसले. "पोरगी झालास व्हय बे?" माझे कान तापले, फोन ठेवून निघून जावंसं वाटलं. तेवढ्यात गल्ल्यावर बसलेली त्या मित्राची थोरली बहीण, अक्का, म्हणाली, "हसायलाव कामून? उद्यापासून कन्नडात खेळा. 'नानु सत्ते' म्हणा. कन्नडात मेलो काय अन् मेले काय, एकच." दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त चिडवणाराच पहिला ओरडला, "नानु सत्ते!" कुणी हसलं नाही. आजही मराठीत 'मी' लिहिलं की पुढच्या शब्दाशी बोट अडतं. अक्का, तुझ्या त्या दोन शब्दांत मी इतकी वर्षं सुखानं राहिलोय. राहिलेय.